सासूबाईंचं तीन आरशांचं ड्रेसिंग टेबल: ठेवावं की नवीन घ्यावं?

गोखलेरोडवाली (नौपाडा, ठाणे)

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न फर्निचरचा आहे, पण जरा सविस्तर लिहिते. नुसती मापं देऊन याचं उत्तर मिळेल असं वाटत नाही.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. करार झाला, दिवाळी झाली की पंधरा दिवसांत जागा रिकामी करून द्यायची आहे. पुढची तीनेक वर्षं मानपाड्याला भाड्याने राहायचं आणि मग परत इथेच, अकराव्या मजल्यावर. सध्या घरातली प्रत्येक वस्तू हातात घेतली की न्यायची की द्यायची हाच विचार. लोखंडी कॉट दिल्या, पाण्याचं पिंप दिलं, शिवणयंत्र जावेने नेलं. घोडं अडलंय ते ड्रेसिंग टेबलापाशी.

हे टेबल १९६१ सालचं. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षी सासऱ्यांनी घरी सुतार बसवून करून घेतलं. सुतार महिनाभर गॅलरीत बसून काम करत होता आणि दुपारचं जेवण त्याला घरातूनच जायचं, असं सासूबाई सांगतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन खण, मध्ये खाली एक फळी, मागे तीन आरसे. मधला मोठा आणि उभा, बाजूचे दोन बिजागऱ्यांवर मिटणारे. कोपरे सगळे गोल केलेले, कुठेही टोक नाही. लाकूड सागवान आहे म्हणतात.

मापं अशी: रुंदी ४ फूट २ इंच, भिंतीपासून पुढे १८ इंच. बाजूच्या खणांचा वरचा भाग जमिनीपासून ३० इंचांवर, मधली फळी जमिनीपासून १६ इंचांवर. मधला आरसा २० इंचांवर सुरू होतो आणि साडेतीन फूट उंच आहे. नवीन बेडरूम प्लॅनमध्ये १० फूट बाय साडेदहा फूट दाखवली आहे. साडेसहा फुटी पलंग लावला की त्याच्या पायथ्याशी भिंतीपर्यंत ४ फूट उरतात. टेबल लागलं तर तिथेच लागेल.

आता दुखणी सांगते. डाव्या आरशाला कडेने काळे डाग आलेत. उजवीकडचा मधला खण दर पावसाळ्यात अडकतो, आत्ताही अडकलेलाच आहे. एक पितळी मूठ हरवली. वरच्या पॉलिशवर दोन-तीन पांढरट गोल उमटलेत. आणि गेल्या महिन्यापासून मागच्या फळीखाली पिठासारखी पूड दिसते आहे. तिचीच मला जास्त धास्ती वाटते.

मुलगा आणि सून म्हणतात, भिंतीवर बसवायचं नवीन युनिट घेऊ. कडेने दिवे असलेला आरसा, खाली दोन खण, स्टूल आत सरकणारं. २८,००० सांगितलेत. सून चुकीचं बोलत नाही. तिला ड्रायरला प्लग हवा, बाटल्या उभ्या राहतील असा खोल खण हवा. जुन्या टेबलाचे खण चार-चार इंचांचे, त्यात फण्या आणि पिना मावतात. जुनं फर्निचर घेणारा एक जण येऊन बघून गेला. ४,००० म्हणाला, तेही "आरशासाठी देतो" म्हणून.

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. लग्नाआधी माहेरी त्या जमिनीवर मांडी घालून फणेरपेटीपुढे बसायच्या. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लहानशी लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, झाकण उघडून तिरकं उभं केलं की तोंड दिसतं. खाली कप्प्यांमध्ये फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, काजळ. वेणी घालायची, मेण लावून वर कुंकू टेकायचं, पेटी मिटायची. ती पेटी अजून आहे, याच टेबलाच्या वरच्या खणात ठेवलेली. आंघोळ झाली की आजही त्या स्टुलावर बसतात आणि पेटीतलंच मेण बोटाला घेतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या सोयीने करा." यावरून मी काय समजायचं?

टेबल नुसतं जपून ठेवायची वस्तू म्हणून मला नकोय. वापरता येत असेल तर ठेवायचं आहे. लाकूड आणि आरसे खरंच चांगले आहेत का हे घरच्या घरी कसं ओळखायचं, ती पूड कसली, आणि दहा फुटांच्या खोलीत हे टेबल सुखाने राहील का, एवढं कोणी जाणकारांनी सांगा.

खाडीकाठ (ऐरोली)

ताई, माझा अनुभव सांगते. आईचं टेबल मी आठ वर्षांपूर्वी देऊन टाकलं. शिसवी होतं, एकच लंबगोल आरसा. नवीन फ्लॅटला शोभत नाही म्हणून दिलं आणि शोरूममधून तयार ड्रेसिंग टेबल घेतलं. दिसायला फार सुरेख, पांढरं शुभ्र, आरशामागे कप्पे. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडा फुगल्या. रोज फरशी पुसताना ओला मॉप पायाशी लागायचा, पाणी आत जायचं. आत भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड होता. तो एकदा फुगला की परत बसत नाही, त्यात स्क्रूही धरत नाही. दाराची बिजागरी तिथूनच निखळली.

तरी नवीन घेऊच नका असं मी म्हणणार नाही. आरशामागच्या कप्प्यांची सोय मोठी आहे, बाटल्यांवर धूळ बसत नाही. घ्यायचंच ठरलं तर जमिनीला न टेकणारं घ्या, म्हणजे भिंतीवरचं किंवा किमान चार इंची पायांचं. सुताराकडून करून घेणार असाल तर प्लायवर ७१० हा आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, क्रमांक बघून घ्या, ते पाण्याला टिकणारं. ३०३ च्या एमआर प्लायला लोक वॉटरप्रूफ समजतात, पण ते दमट हवा सोसतं, पाण्यात उभं राहत नाही. आणि कडेची पट्टी खालच्या बाजूलाही लावायला सांगा. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोणी लावत नाही, आणि पाणी तिथूनच शिरतं.

रोज बसणारं माणूस घरात असताना ते टेबल देऊ नका. आईने मला त्यावरून कधी काही म्हटलं नाही. पण नवीन टेबलापुढे ती एकदाही बसली नाही. बाथरूमच्या आरशात बघून कुंकू लावायची.

रंधा (कोलबाड, ठाणे)

ताई, ४,००० ला अजिबात देऊ नका. "आरशासाठी देतो" हे सगळेच म्हणतात. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, वडिलांनी अशी टेबलं कितीतरी केली. तुमच्या वर्णनावरून घाट ओळखू येतो. गोल कोपरे, दोन बाजूंना खण, मध्ये खाली फळी आणि तीन आरसे. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर ही आर्ट डेको शैलीची टूम जगभर गेली. मरीन ड्राइव्हच्या इमारती त्याच वळणाच्या आहेत, २०१८ मध्ये त्यांना जागतिक वारशात घेतलं. इमारतींबरोबर फर्निचरही तसंच होऊ लागलं आणि मुंबईतलं बघून ठाण्या-कल्याणचे सुतार ते करायला लागले. साठ-सत्तर सालापर्यंत लोक हाच घाट मागायचे.

आता तपासणी. जो खण अडकत नाही तो पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तिथे बघा. कबुतराच्या शेपटीसारखी, पुढे रुंद होत जाणारी खाच एकमेकींत अडकवलेली असेल तर ते डव्हटेल. हाताने कापलेलं असेल तर दोन खाचा तंतोतंत सारख्या नसतात, जरा उन्नीस-बीस असतात. असा सांधा ओढून निघत नाही, साठ वर्षं खण ओढला तरी पुढची फळी हातात येत नाही. तुमचा खण अडकतो पण निखळत नाही ना? मग डव्हटेलच असणार.

खणाच्या तळाला पॉलिश नसतं, तिथे लाकडाचा खरा रंग कळतो. सागवान सोनेरी-तपकिरी असतं, हात फिरवला की किंचित तेलकट लागतं. कोपऱ्यात ब्लेडने जरासं खरवडून वास घ्या, चामड्यासारखा येतो. फळीच्या एका कडेला फिकट पांढुरका पट्टा असला तर ती झाडाची बाहेरची बाजू, गाभा नव्हे. वाळवी आणि कीड गाभ्याला सहसा हात लावत नाहीत, पण हा पांढरा भाग खातात.

पुडीचं आता. वाळवी मातीच्या नळ्या करते, पीठ पाडत नाही. पिठासारखी बारीक पूड आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं असली तर ती कीड, म्हणजे भुंग्याच्या अळ्या. मागची फळी बहुतेक सागवानाची नसणारच, त्या काळी मागे खोक्याचं हलकं लाकूड किंवा प्लाय मारायचे. पूड झाडून घ्या, खाली काळा कागद अंथरा, पंधरा दिवस हात लावू नका. कागदावर नवी पूड पडली तर कीड जिवंत आहे. मग मागची फळी काढून टाका आणि चांगल्या प्लायची नवीन मारा. कोणाला दिसतसुद्धा नाही, आणि कीड पुढच्या भागात जायच्या आत थांबते. सागवानाच्या भागात भोकं दिसली तर मात्र पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. तो सुईने औषध भरून देतो.

पॉलिशसाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून न दिसणाऱ्या जागी, म्हणजे टेबलाच्या मागच्या कडेला, हलकेच टेकवा. चिकट लागलं आणि बोळा तपकिरी झाला तर लाखेचं पॉलिश आहे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे, हे फार मेहनतीचं काम. पांढरे गोल बघून घाबरू नका, लाखेच्या थरात ओल अडकली की ते येतात, आणि जाणकार पॉलिशवाला स्पिरिटच्या हलक्या हाताने ते घालवतो. सेंट सांडलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यात स्पिरिटच असतं, त्यामुळे लाख तिथे विरघळून खळगा पडतो. तिथे पॉलिश नव्याने भरावं लागतं.

एक हात जोडून सांगतो. कोणी म्हणेल, "मशीनने घासून पीयू मारून देतो, काचेसारखं चकचकीत होईल." ऐकू नका. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. एक तर गोल कोपऱ्यांवर पातळ विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असू शकतं, मशीन लावलं की ते घासून खालचं लाकूड बाहेर येतं आणि मग काही इलाज नाही. दुसरं म्हणजे लाखेत मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. लाखेवर लाखच मारा. आणि आत्ता मारू नका. पावसाळी हवेत लाख चढवली की पांढुरकी पडते. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की काम द्या.

अडकलेल्या खणालाही आत्ता रंधा लावू देऊ नका. लाकूड हवेतली ओल पिऊन आडवं फुगलंय. आत्ता तासलात तर मार्चमध्ये खण खुळखुळेल. कोरडा होऊ द्या, मग सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आरशाचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, दुकान उघडायचंय.

गोखलेरोडवाली

रंधा, किती मनापासून लिहिलंत. खण उलटा करून बघितला. खाचा आहेत! खरंच एक बारीक, एक जाड. यजमानांना हाक मारून दाखवल्या. साठ वर्षं रोज हात लागतोय आणि आम्ही कोणी खण उलटा करून बघितला नव्हता. काळा कागद आज अंथरला आहे.

खाडीकाठताई, तुमच्या आईचं वाचून दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं.

रंधा

आरसा. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा लावून आरसे करायचे, ते काम विषारी. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर रसायनाने चढवायची रीत काढली, पुढे तीच रूढ झाली. त्यामुळे तुमच्या १९६१ च्या आरशामागे पारा असेल ही भीती नको. चांदीच आहे, आणि मागे तिला राखायला रंगाचा थर. कडेने तो रंग सुटला की ओल आत जाते आणि चांदी काळी पडते. तुम्हाला दिसतात ते डाग तेच. पुढून कितीही पुसलं तरी जाणार नाहीत.

डाग वाढू नयेत म्हणून एवढं करा: काच पुसायचं औषध थेट आरशावर फवारू नका. ते ओघळून खालच्या कडेत जातं आणि तिथूनच खायला लागतं. कापडावर घ्या, पुसा, कड कोरडी करा. चांदी नव्याने चढवून देणारे कारागीर आहेत, काच बदलणं त्याहून सोपं. पण तुमच्या आरशाची कड उतरती, पैलू पाडलेली असेल तर जुनी काच टाकू नका. उजेडात बोट फिरवून बघा, कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत उतार लागेल.

अजून एक बघा. समोर ट्यूबलाइट लावून तिचं प्रतिबिंब आरशात पाहत हळूहळू बाजूला सरका. रेघ जराशी लाटेसारखी हलली तर ती जुन्या पद्धतीने ओढून काढलेली काच. आजची सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात, ती पद्धत १९५९ मध्ये इंग्लंडात जाहीर झाली, आपल्याकडे यायला पुढे बरीच वर्षं गेली. रेघ सरळ राहिली तर घासून सपाट केलेली जाड काच, ती त्या वेळी फार महाग पडायची. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी उत्तमच.

मासुंदा (चरई, ठाणे)

मी पदार्थविज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. खोलीत टेबल सुखाने राहील का, हा तुमचा प्रश्न गणिताने सुटतो, म्हणून लिहितो.

पूर्ण शरीर आरशात दिसायला आरसा आपल्या उंचीच्या निम्मा लागतो. लांब उभे राहा वा जवळ, त्याने फरक पडत नाही. मात्र तो योग्य उंचीवर हवा. समजा तुमची उंची ५ फूट १ इंच, म्हणजे ६१ इंच. आरसा किमान साडेतीस इंच हवा. डोळे डोक्याच्या वरच्या टोकापासून साधारण साडेचार इंच खाली असतात. त्यावरून आरशाची वरची कड पावणेएकोणसाठ इंचांवर आणि खालची सव्वाअठ्ठावीस इंचांवर यायला हवी. तुमचा मधला आरसा २० पासून ६२ इंचांपर्यंत आहे. म्हणजे अंबाड्यापासून निऱ्यांच्या टोकापर्यंत सगळे दिसते, वर थोडा आरसा उरतोच. सून तुमच्याहून तीन इंच उंच असली तरी तिलाही पुरेल. भिंतीवरच्या नवीन युनिटचा आरसा मोजून पाहा. तो खणांच्या वर, म्हणजे तीस-बत्तीस इंचांच्या वर सुरू होत असेल तर पायाशी साडी नीट पडली आहे की नाही हे त्यात दिसणार नाही.

आता ती मधली खाली घेतलेली फळी. ती का खाली असते याचा मी कधी विचार केला नव्हता, तुमची मापे पाहून कागदावर आकृती काढली. पाय दिसण्यासाठी नजर आरशाच्या सव्वाअठ्ठावीस इंचांच्या बिंदूवरून परावर्तित होऊन जमिनीपर्यंत जाते. तुम्ही आरशापासून साडेतीन फुटांवर उभ्या असाल तर ही रेषा फळीच्या पुढच्या कडेपाशी जमिनीपासून सोळा इंचांहून किंचित वर असते. तुमची फळी सोळा इंचांवर आहे! फळी ३० इंचांवर असती तर पाय झाकले गेले असते. त्या सुताराने हे आकडे मांडले नसतील, पण असे टेबल घडवणाऱ्यांच्या हाताला ते ठाऊक होते. तुमच्याकडे पलंगाच्या पायथ्याशी ४ फूट आहेत, म्हणजे साडेतीन फुटांवर उभे राहता येईल. फक्त स्टूल बाजूला करा.

बाजूचे आरसे मिटते का असतात, तर दोन्ही पुढे वळवले की अंबाडा आणि गजरा मागून दिसतो, मान न वळवता. एका सपाट आरशात हे होत नाही.

पलंगासमोर आरसा नको असे घरात कोणी म्हणाले तर वाद घालू नका. आमच्या आईने टेबलावर खणाच्या कापडाचा पडदा केला होता, झोपताना ओढून घ्यायची. धुळीपासूनही आरसा वाचायचा.

सायनपनवेल (खारघर)

मी बांधकामाच्या साइटवर काम करतो, म्हणून एवढंच. भिंतीवर आरसा टांगायचा विचार असेल तर नवीन टॉवरची आतली भिंत कशाची आहे ते आधी बिल्डरला विचारा. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची असेल तर साधा प्लास्टिकचा गट्टू ओढून बाहेर येतो, ब्लॉकसाठीचा वेगळा गट्टू लागतो. ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो. साडेतीन फूट बाय दोन फूट आरसा म्हणजे आठ किलोच्या वर, लाकडी चौकट वेगळी. सलग काँक्रीटची भिंत असेल तर काळजी नाही, पण मग मागून वायर न्यायला भिंत फोडता येत नाही. प्लग पॉइंट ओतकामाच्या आधीच सांगून ठेवा. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत, आत्ताच लेखी द्या.

टेबल हलवताना आरसे काढून न्या आणि काच नेहमी उभी धरा, आडवी नको. आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने वाकून तडकते.

खाडीकाठ

सुनेच्या सोयीचं मला सुचलेलं सांगते. टेबल तसंच ठेवा, एकही भोक पाडू नका. मागे भिंतीला प्लग घ्या. दिवे आरशाच्या वर लावण्यापेक्षा दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर भिंतीला लावा. वरून आलेल्या उजेडात डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. बाटल्यांसाठी चाकांची छोटी ट्रॉली मिळते, ती मधल्या फळीखालच्या जागेत सरकवता येते का बघा. तुमची फळी १६ इंचांवर आहे, मी तुर्भ्याच्या आयकियात टेप घेऊन फिरले होते तेव्हा त्यापेक्षा बुटक्या पेट्या दिसल्या होत्या. सुनेला बरोबर घेऊन जा, तिलाच मापं घेऊ द्या.

गोखलेरोडवाली

दिवाळी झाली. आज मानपाड्याहून लिहिते आहे. सगळ्यांना सांगायचं राहिलंच होतं.

काळ्या कागदावर पंधरा दिवसांत पूड पडली. बोटाच्या पेराएवढी तीन ढिगुल्या, भोकांच्या बरोबर खाली. रंधा म्हणाले तसं मागची फळी सुताराने काढली, ती खरंच खोक्याचं लाकूड निघाली, आतून पोखरलेली. खिळा काढायला पटाशी लावली तर फळीचा चुरा झाला. सागवानाला एकही भोक नाही. सुताराने टॉर्च लावून दोन्ही बाजू तपासल्या. नवीन प्लाय मारून झाली.

मागची फळी निघाल्यावर आरशांच्या चौकटी मागून दिसल्या. तिन्हींवर पेन्सिलीने लिहिलेलं: डा, म, उ. आणि बाजूच्या खणांच्या मागे १ ते ६ आकडे. पेन्सिल इतकी स्वच्छ की काल लिहिल्यासारखी. सासूबाईंना खुर्ची देऊन बसवलं आणि दाखवलं. त्या बराच वेळ "उ" कडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "डावखुरा होता तो. पेन्सिल डाव्या कानावर असायची." त्या माणसाबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही बोलल्या. त्याचं नाव मात्र त्यांना आठवलं नाही.

मधल्या आरशाची कड पैलूची आहे, बोटाला उतार लागतो. ट्यूबलाइटची रेघ बाजूच्या आरशांत हलते, मधल्यात हलत नाही. म्हणजे सासऱ्यांनी मधल्यासाठी महागाची काच घेतली होती. डाव्या आरशाचे डाग तसेच ठेवणार आहे. सासूबाई उजव्या बाजूला बसतात आणि मधल्यातच बघतात, त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

मासुंदा सरांचं गणित सुनेला वाचून दाखवलं. तिने जुन्या घरात टेबलापासून साडेतीन फूट मोजून खडूची रेघ मारली आणि साडी नेसून उभी राहिली. पावलं दिसली. अर्धा फूट पुढे सरकली तर फळीआड गेली. मग तिने स्वतःच मुलाला फोन करून नवीन युनिटचं नको सांगितलं. नवीन घरी दोन्ही बाजूंना दिवे आणि उजवीकडे प्लग, असं बिल्डरला आम्ही लिहून दिलं आहे. ट्रॉलीचं माप तिने घेतलंय, सव्वापंधरा इंचांची मिळाली.

टेबल हलवताना आरसे गोधड्यांत गुंडाळून उभे नेले. सामान नेणाऱ्याने मधला आरसा गादीवर आडवा टाकायला घेतला होता, मी अक्षरशः मध्ये उभी राहिले. सायनपनवेल, तुमच्यामुळे वाचला. पॉलिशचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, स्पिरिटचा बोळा तपकिरी झाला होता, लाखच आहे. अडकलेला खण आता मेणबत्ती न लावताच सरकतो. तो पूर्ण बाहेर काढला तेव्हा मागच्या कोपऱ्यात मेण आणि कुंकू एकत्र घट्ट बसलेलं होतं, गडद लाल, नखाने टोकरलं तर सुटेना. पॉलिशवाल्याला सांगणार आहे, तेवढा कोपरा घासू नको.

आता फक्त मूठ राहिली. पितळी, लोंबती, शिंपल्याच्या आकाराची, दोन स्क्रूंमधलं अंतर अडीच इंच. जांभळी नाक्याला दोन दुकानांत विचारलं, नवीन मिळतात पण त्या पिवळ्याजर्द चमकतात आणि अंतर तीन इंचांचं आहे. कोणाकडे जुन्या टेबलाची किंवा कपाटाची अशी एखादी सुटी मूठ पडून असेल तर कृपया कळवा. मी ठाण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.